पीएसयू म्हणजे ‘दुप्पट पगाराची सरकारी नोकरी’? एकेक दावा तपासून पाहू

गेटचा (अभियांत्रिकीच्या पदवीधरांच्या ज्या परीक्षेच्या गुणांवर पीएसयू भरती करतात तिचा) निकाल लागला की एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: पीएसयू, म्हणजे सरकारी मालकीची कंपनी, ही सरकारी नोकरीच, फक्त पगार दुप्पट. पेन्शन तीच, सुरक्षा तीच, वर बदल्यांची कटकट नाही. तेव्हा आधी कंपनीत लागा, यूपीएससी नंतर आरामात द्या. यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणून तर मुलं फसतात.

‘पीएसयू ही सरकारी नोकरीच’

मालक सरकार आहे, एवढंच खरं. नियुक्ती करते ती कंपनी, आणि कंपनी ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती असते. सरकारी कर्मचारी ‘नागरी पद’ धारण करतो, म्हणून त्याला राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाचं संरक्षण मिळतं: आरोप कळवून, बाजू मांडायची संधी देऊन, रीतसर चौकशी केल्याशिवाय बडतर्फी नाही. कंपनीच्या माणसाला हे कलम लागू नाही. हिंदुस्थान स्टीलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६९ मध्येच ते सांगून टाकलं.

म्हणून कंपनीवाला वाऱ्यावर असतो असं मात्र नाही. सरकारी कंपनी १२ व्या कलमाखाली ‘राज्य’ ठरते, त्यामुळे मनमानी झाली तर उच्च न्यायालयात रिट करता येते. १९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात ‘तीन महिन्यांची नोटीस द्या आणि काढा’ हा सेवानियमच न्यायालयाने रद्द केला. पण वाट वेगळी पडते. राज्य सरकारचा कर्मचारी मॅटमध्ये (राज्याच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात) जातो, केंद्राचा कॅटमध्ये (केंद्रीय न्यायाधिकरणात). कंपनीच्या अधिकाऱ्याला बहुतेक वेळा थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं.

महाराष्ट्रात तरी हा फरक कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. एसटीचे कर्मचारी २०२१-२२ मध्ये पाच-सहा महिने संपावर बसले ते विलीनीकरणासाठी, म्हणजे महामंडळाचे नोकर आहोत, आम्हाला राज्य सरकारचे करा, यासाठी. दोन्ही एकच असतं तर भांडण कशाचं होतं?

‘पगार दुप्पट’

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसायला हवं. केंद्रातला गट अ अधिकारी लेव्हल १० वर रुजू होतो. मूळ वेतन ५६,१००. जुलै २०२५ च्या ५८ टक्के दराने महागाई भत्ता ३२,५३८. मुंबई-पुण्यात ३० टक्क्यांनी घरभाडे १६,८३०. वाहतूक भत्ता ७,२०० आणि त्यावरचा महागाई भत्ता मिळून ११,३७६. एकूण १,१६,८४४ रुपये.

आता कंपनी. ५०,००० ते १,६०,००० ही श्रेणी धरा. हिशेबाच्या सोयीसाठी महागाई भत्ता ५० टक्के, म्हणजे २५,०००. पर्क्सची (इतर भत्ते-सवलतींची) कमाल मर्यादा मूळ वेतनाच्या ३५ टक्के, म्हणजे १७,५००. घरभाडे २७ टक्क्यांनी १३,५००. बेरीज १,०६,०००, म्हणजे लेव्हल १० पेक्षा कमीच. ६०,००० पासून सुरू होणाऱ्या श्रेणीत हीच रक्कम १,२७,२०० होते. लेव्हल १० पेक्षा नऊ टक्क्यांच्या आसपास जास्त. या मोठ्या आकड्याची तुलना लेव्हल ७ शी (मूळ ४४,९००, याच रीतीने ९०,१००) केली तरी दीडपट होत नाही.

मग ‘दुप्पट’ येतं कुठून? जाहिरातीतल्या सीटीसीतून, म्हणजे कर्मचाऱ्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, वैद्यकीय खर्च आणि कामगिरीनुसार मिळणारं पीआरपी पूर्ण मिळालं असं गृहीत धरून घातलेलं असतं. त्या लाखांच्या आकड्यासमोर सरकारी नोकरीचं नुसतं मूळ वेतन ठेवलं की झालं दुप्पट. पीआरपी तर त्या वर्षीच्या नफ्याला बांधलेलं असतं. नफा नाही तर पीआरपी नाही.

आणखी एक फसगत ग्रेडच्या नावाची. ओएनजीसीत ई-१ म्हणजे ६०,००० ची श्रेणी, तर भारत इलेक्ट्रॉनिक्समधला ई-२ सुरू होतो ४०,००० पासून. ‘ई किती’ हे विचारूच नका, श्रेणीचा आकडा विचारा. महागाई भत्त्याची टक्केवारीही समोरासमोर ठेवून उपयोग नाही: कंपन्यांचा औद्योगिक महागाई भत्ता दर तिमाहीला बदलतो आणि २०१७ पासून मोजला जातो, केंद्राचा सहामाही असतो आणि २०१६ पासून.

आता जो मुद्दा संदेशात कधीच नसतो तो. वेतन आयोग लागू करताना खात्याला नफा झाला का, असं कुणी विचारत नाही. कंपनीला विचारतात. २०१७ च्या वेतनसुधारणेत १५ टक्के वाढ पूर्ण मिळाली ती फक्त जिथे वाढीव खर्च मागच्या तीन वर्षांच्या सरासरी करपूर्व नफ्याच्या २० टक्क्यांच्या आत बसला तिथे. ३० टक्क्यांपर्यंत गेला तर १० टक्के वाढ, ४० पर्यंत गेला तर ५, त्यापुढे शून्य. याच अटीपायी बीएसएनएलच्या अधिकाऱ्यांची ती सुधारणा वर्षानुवर्षे अडकून पडली. कामात कसूर कुणाची नव्हती, ताळेबंद लाल होता. म्हणून कंपनी निवडताना रुजू होतानाच्या पगारापेक्षा मागच्या पाच-सहा वर्षांचा नफा आधी पाहा. वार्षिक अहवाल संकेतस्थळावर फुकट मिळतो.

‘पेन्शन तीच’

जुनं पेन्शन आता सरकारी नोकरीतही नाही. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून एनपीएस (निश्चित रकमेची हमी नसलेली पेन्शन योजना) आहे. १ एप्रिल २०२५ पासून यूपीएसचा (एकीकृत पेन्शन योजनेचा) पर्याय आला. त्यात २५ वर्षं सेवा झाली की शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचं ५० टक्के निश्चित, वर महागाई. नव्याने रुजू होणाऱ्याला हा पर्याय ३० दिवसांत द्यावा लागतो. मुदत चुकली तर एनपीएस. कंपनीत असं निश्चित काही नसतं. पीएफ असतो, आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शन व निवृत्तीनंतरची वैद्यकीय सोय या सगळ्यांत मिळून कंपनीचा वाटा मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या ३० टक्क्यांच्या आत. जमेल तेवढं साठेल. ईपीएस-९५ वर (पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेवर) तर विसंबूच नका: सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा १५,००० हून जास्त पगारावर लागलेल्यांना त्यात प्रवेशच नाही.

‘सुरक्षा तीच’

सरकार मालक आहे तोवर. हिंदुस्थान झिंक २००२ मध्ये गेली, एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये. एअर इंडियाच्या करारात कर्मचाऱ्यांना एक वर्ष न काढण्याची हमी होती. एकच वर्ष. त्याहून बोलकी गोष्ट रिट अर्जांची. पगारवाढ आणि बढतीसाठी काही कर्मचाऱ्यांनी कंपनी सरकारी असताना उच्च न्यायालयात अर्ज केले होते. सुनावणी होईपर्यंत कंपनी खासगी झाली, आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आता हे अर्ज चालवता येणार नाहीत. वर सांगितलेलं १२ व्या कलमाचं छत्र असं चालत्या खटल्यात उडून गेलं.

उलट बाजूही सांगायलाच हवी. सरकारी खातंसुद्धा एका दिवसात कंपनी होऊ शकतं. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. फरक एवढाच की तिथले कर्मचारी केंद्राचेच राहून कंपन्यांत प्रतिनियुक्तीवर गेले. आधी खात्यात असल्याचा फायदा तो हा.

‘बदल्या नाहीत’

हे कुणी लिहिलं असेल त्याने कोळसा खाणींचा किंवा वीज केंद्रांचा नकाशा पाहिलेला नाही. मुंबई हायच्या समुद्रातल्या तेल-फलाटावर १४ दिवस काम, १४ दिवस सुट्टी. टाउनशिप, क्वार्टर, शाळा हे सगळं चांगलं असतं, पण जोडीदाराला त्या गावात नोकरी मिळेलच असं नाही. मंत्र्यांच्या मर्जीवर फिरणारी बदली कमी, हे मात्र खरं. आणि बढतीही कंपनीत सहसा लवकर येते. केंद्रात बढती अडकलेल्यांची भिस्त १०, २०, ३० वर्षांनी मिळणाऱ्या वेतनलाभावर.

‘आधी कंपनी, यूपीएससी नंतर’

देता येते, पण आरामात नाही. चोविसाव्या वर्षी रुजू झालात, वर्षभर प्रशिक्षण, त्यात कामाच्या पाळ्या. खुल्या गटाला नागरी सेवेची मर्यादा ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न. अर्ज भरताना कार्यालयप्रमुखांना लेखी कळवल्याचं यूपीएससीला सांगावं लागतं. मालकाने परवानगी नाकारल्याचं आयोगाला कळवलं तर उमेदवारी रद्द होऊ शकते. बाँडचं (ठरलेली मुदत नोकरी केली नाही तर रक्कम भरण्याचं) कलम सही करण्याआधी वाचा. योग्य मार्गाने अर्ज करून सरकारी सेवेत गेलात तर डीपीईच्या (सरकारी कंपन्यांसाठीच्या केंद्रीय विभागाच्या) सूचनांप्रमाणे पैसे वसूल न करता उरलेल्या मुदतीचा बाँड नव्या ठिकाणी लिहून घेतात. न कळवता परीक्षा दिली आणि राजीनामा टाकला, तर रक्कम भरा.

शेवटी पगाराचं. कंपनीतून केंद्रात येणाऱ्यांना वेतनसंरक्षण देणारा ७ ऑगस्ट १९८९ चा आदेश मुलाखतीतून निवड झालेल्यांसाठी आहे, खुल्या स्पर्धा परीक्षेतून आलेल्यांसाठी नाही. ६०,००० वर लागलेला माणूस तीन टक्क्यांच्या वेतनवाढीने पाच वर्षांत ६९,५०० च्या आसपास पोचतो. यूपीएससी निघाली की पुन्हा ५६,१०० पासून सुरुवात.