"10 कोंबड्या, शून्य खर्च, रोज 10 अंडी": हा फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी

फॅमिली ग्रुपपासून शेतकरी ग्रुपपर्यंत सगळीकडे सध्या एकच फॉरवर्ड फिरतोय. थोडक्यात असा: कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राची हवा सौम्य, ना बर्फ ना लू, त्यामुळे परसात 10 गावरान कोंबड्या आणि 4 बदकं सोडून द्या, खाद्य नको, लस नको, रोज 10 अंडी घ्या, बदकांसाठी तळं खणा, कडकनाथची काळी अंडी औषध म्हणून विका, आणि ब्रह्मा जातीच्या मोठ्या कोंबड्या पाळून पक्ष्यांच्या प्रदर्शनात नंबर काढा, मग एकेक पक्षी हजारोंत जातो. खाली कोंबडीचे आणि हात जोडलेले इमोजी. यातलं हवेचं तेवढं खरं, पण तेही अर्धंच, कारण सौम्य हवेमुळे वाचतो तो फक्त पक्ष्यांना ऊब द्यायचा खर्च, बाकी खिशातून जायचं ते जातंच.

"रोज 10 अंडी." अहो, साधा हिशोब करा ना. गावठी कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते, म्हणजे 10 कोंबड्यांची दिवसाला सरासरी दोनच. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, 21 दिवस अंड्यांवर बसते, मग पिल्लं फिरवत बसते, तोवर अंडं विसरा. वनराजा, गिरिराजासारख्या सुधारित जाती घेतल्या तर आकडा वाढतो, पण रोज 10 तरीही नाही, कारण एक अंडं पोटात तयार व्हायलाच 24 ते 26 तास लागतात. आणि "हवा चांगली म्हणून बारा महिने अंडी" हे तर सरळ चूक, कारण अंड्यांचं गणित हवेपेक्षा उजेडावर जास्त चालतं. भरपूर अंड्यांसाठी 14 ते 16 तास उजेड लागतो आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम 11 तासांचा, त्यात पिसं झडायचा काळ आला की कोंबडी सगळी ताकद नव्या पिसांत घालते. मग "कोंबडीला नजर लागली" म्हणून लिंबू-मिरची बांधणारे मी पाहिलेत. खुराड्यात संध्याकाळी एक एलईडी बल्ब लावा, स्वस्त पडतो.

"खाद्य नको, किडे खाऊन जगतात." मोकळं मोठं परस असेल, कडेला शेणाचा ढीग असेल, तर अर्धं पोट भरतंही, पण बंगल्याच्या मागच्या दोन गुंठ्यांत 10 कोंबड्या सोडल्या तर महिनाभरात तिथे गवताची काडी उरत नाही. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाद्य लागतं, म्हणजे 10 कोंबड्यांना महिन्याला 33 किलोच्या आसपास, किलोला 35 रुपये धरले तरी हजाराच्या वर गेलात. गावठीला थोडं कमी पुरतं, पण शून्य नाही. नुसती तांदळाची कणी टाकून भागत नाही, प्रत्येक कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं, ते कुठून येणार? शिंपल्यांचा चुरा ठेवा, कोकणात तर शिंपल्यांना तोटा नाही.

आता सगळ्यात धोकादायक वाक्य: "गावरान पक्षी काटक, लस लागत नाही." मानमोडी, म्हणजे राणीखेत, घरात शिरली की आठवडाभरात सगळं खुराडं रिकामं होतं, मान वाकडी, हिरवी हगवण, आणि मग रोज सकाळी एक-दोन मेलेल्या. बर्फ पडतो तिथे निदान थंडीत पिसवा-गोचिडांना आवर बसतो, आपल्या उबदार हवेत त्यांना तशी सुट्टीच नाही, आणि पावसाळ्यात ओल्या तुसावर कॉक्सिडिओसिसचे जंतू असे वाढतात की पिल्लांना रक्ती हगवण लागते आणि "काल तर चांगली होती" असं म्हणायची वेळ येते. पहिल्या आठवड्यात राणीखेतची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने, मग सहा ते आठ आठवड्यांच्या वयात त्याच रोगाच्या आर टू बी लसीचं इंजेक्शन, देवीची लसही साधारण त्याच वयात. अडचण खरी अशी की बाटली येते शंभर आणि त्याहून जास्त डोसांची, आपल्याकडे पक्षी दहा, आणि एकदा पाण्यात मिसळली की एक-दोन तासांत वापरून संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवायचा, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारायचं, आणि लस बर्फात ठेवून आणायची, खिशात नाही.

त्याच फॉरवर्डमध्ये "बर्ड फ्लू फक्त फार्मच्या कोंबड्यांना होतो" अशीही एक ओळ आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला तेव्हा फार्मच्याच नाही, आसपासच्या गावांतल्या घरच्या कोंबड्याही मारल्या गेल्या होत्या. विषाणू काही सातबारा बघून येत नाही! उलट बदकं बऱ्याचदा स्वतः आजारी न दिसता तो पसरवू शकतात, म्हणून कोंबड्या आणि बदकं एकाच खुराड्यात कोंबू नका. दुसरं कारण अजून साधं: बदक जिथे पाणी पितं तिथे चिखल करतंच, आणि तो ओलावा कोंबड्यांना सोसत नाही.

तळ्याचं म्हणाल तर नको. बदकाला चोच आणि डोळे बुडतील एवढं खोल भांडं हवं, रोज बदललेल्या पाण्याचं, बाकी घमेलं किंवा प्लास्टिकचा टब पुरतो. खाकी कॅम्पबेलसारखी जात तळ्याशिवायही वर्षाला अडीचशेच्या पुढे अंडी देते. साचलेलं डबकं खणलंत तर बदकांआधी डासच सुखी होतील.

कडकनाथची अंडी काळी नसतात, फिकट तपकिरी-मलईसर असतात, विषय संपला. पक्षी आतून-बाहेरून काळा असतो तो एका जनुकीय गुणामुळे, तोच गुण पांढऱ्याशुभ्र पिसांच्या सिल्की जातीच्या कोंबडीतही असतो, तिचीही कातडी काळीच. औषध वगैरे म्हणून चढ्या भावात घेण्याआधी 2019 ला सांगली भागात कडकनाथच्या स्कीममध्ये किती शेतकऱ्यांचे पैसे अडकले ते आठवा. आणि हो, अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. शेजाऱ्यांशी पटवून घ्यायचं असेल तर नकोच.

राहिलं प्रदर्शन. "ब्रह्मा ही आपली देशी जात, सगळ्यात मोठा पक्षी जिंकतो." नाव ऐकून देशी वाटते हे कबूल, पण ही जात घडली अमेरिकेत, आशियातून जहाजाने गेलेल्या पक्ष्यांपासून, 1849 ला बोस्टनला पक्ष्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि तिथून लोकांना कोंबड्यांचं वेडच लागलं, तो हा काळ. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या देशी जातींच्या यादीत ब्रह्मा नाही, आपला नंदुरबारकडचा बुसरा आहे, पण त्याचा फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही. अमेरिकेत 1874 पासून जातीजातीचं छापील मानक आहे, त्यात तुरा, पिसं, ठेवण, वजन सगळं ठरलेलं असतं, फिक्या रंगाच्या (लाइट) ब्रह्मा कोंबड्याचं वजन साधारण साडेपाच किलो. त्यापुढे नुसता चरबीने फुगवला म्हणून नंबर येत नाही, आणि प्रदर्शनात जिंकलेली कोंबडी जास्त अंडी देते असंही नाही, परीक्षक रूप बघतो, अंडी मोजत नाही.

गंमत म्हणजे ब्रह्माची दाट पिसं आणि छोटा तुरा थंड मुलखासाठी बरे. कोकणातल्या एप्रिल-मेच्या घामट दुपारी तोच पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकतो, जुलैत पायांवरच्या पिसांना चिखलाचे गोळे लागतात. इथे नेकेड नेक, म्हणजे मान उघडी असलेला पक्षी, जास्त सुखात राहतो, दिसायला वेडाबागडा का असेना. तरी हौस असेल तर जरूर पाळा, सावली आणि कोरडी जमीन द्या, दाखवायला न्यायच्या दोन-तीन दिवस आधी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, आधीपासून पिंजऱ्यात बसायची सवय लावा. आणि परत आणला की थेट इतरांत सोडू नका, तीन-चार आठवडे वेगळा ठेवा, त्याचं भांडं वेगळं, आणि रोज सगळ्या पक्ष्यांचं आटोपून मग शेवटी त्याच्याकडे जा.