सहा ड्रिप आणि कायमची गोरी?

लग्नसराई जवळ आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : ‘ग्लुटाथायोनच्या सहा ड्रिप घ्या, नवरी कायमची गोरी. शरीरातच तयार होणारं द्रव्य, म्हणून साइड इफेक्ट शून्य. लिव्हरही साफ. एफडीएमान्य.’ या वेळी तो माझ्या भाचीला उद्देशून आला, म्हणून लिहायला बसले.

‘शरीरातच असतं’ हे खरं आहे. तीन अमिनो आम्लं जोडून आपल्या पेशी ते रोज बनवतात. पण शरीरात पोटॅशियमही असतं, आणि तेच शिरेतून भरकन सोडलं तर हृदय बंद पडतं. हे खूळ फिलिपिन्समध्ये आपल्याआधी पसरलं. तिथल्या औषध प्रशासनाने 2011 सालीच इशारा दिला होता : जीवघेणे पुरळ, थायरॉइडच्या आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी.

‘कायमची’ हा शब्द मात्र निव्वळ थाप आहे. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला ग्लुटाथायोन आवर घालतं, त्यामुळे दाव्याच्या बुडाशी काहीच नाही असं मी म्हणणार नाही. पण शिरेत सोडलेलं ग्लुटाथायोन रक्तात काही मिनिटंच टिकतं, आणि मेलॅनिन किती बनवायचं हे पेशींना जनुकांनी शिकवलेलं असतं. ड्रिप थांबली की त्या पुन्हा आपल्या कामाला लागतात. 2016 साली पाकिस्तानातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 50 बायकांवर एक चाचणी केली. शेवटपर्यंत टिकलेल्यांपैकी ग्लुटाथायोन घेतलेल्या 16 जणींत 6 जणींचा रंग उजळला. नुसतं सलाइन घेतलेल्या 16 जणींतही 3 जणी उजळल्याच! सहा महिन्यांत बहुतेक जणींची ती उजळी उतरून गेली.

आणि ‘लिव्हर साफ’? त्याच चाचणीत आठ जणींच्या लिव्हरच्या तपासण्या बिघडल्या आणि एकीला अ‍ॅनाफिलॅक्सिस झाला, म्हणजे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी. ‘साफ’ करायला लिव्हर म्हणजे काही स्वयंपाकघराची मोरी नव्हे.

राहिलं ‘एफडीएमान्य’. एफडीए म्हणजे अन्न व औषध प्रशासन; पण कुठल्या देशाचं, ते मेसेज सांगत नाही. अमेरिकेच्या एफडीएने त्वचा उजळण्यासाठी एकाही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे हे इंजेक्शन मिळतं ते लिव्हरच्या काही आजारांवरचं औषध म्हणून. आमच्या ग्रुपवर कुणी लगेच म्हणालं, ‘अगं, हे औषध नाही, कॉस्मेटिक आहे.’ पण लिव्हरच्या आजारावरचं औषध म्हणून विकलेली कुपी गोरेपणासाठी वापरली, म्हणून ती कॉस्मेटिक होत नाही.

सुईवरून आठवलं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका परवाना नसलेल्या स्पामध्ये चेहऱ्यावर ‘व्हँपायर फेशियल’ (आपल्याच रक्तातला काही भाग बारीक सुयांनी चेहऱ्यात टोचणं) करून घेतलेल्या काही बायकांना एचआयव्हीची लागण झाली. ते प्रकरण 2018 साली उघडकीला आलं. तिथे ग्लुटाथायोन नव्हतं, पण पार्लरच्या मागच्या खोलीत ड्रिप लावून घेताना सुई कुठून आली हे कोण विचारतं?

भाचीला मी एवढंच सांगितलं : क्लिनिकमध्ये गेलीसच, तर आधी कुपीचं खोकं मागून घे आणि त्यावर कशासाठी काय लिहिलंय ते वाच. मग डॉक्टरांना म्हण, चिठ्ठीवर ‘गोरेपणासाठी’ असं लिहून खाली सही करा.