दोरीपलीकडचा बॉल

टेनिस बॉल केवढ्याला मिळतो हो? तीन बॉलचा डबा पाच-सहा डॉलरला. आज सँडी हूकला, इथल्या न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावर, त्यातल्या एका बॉलसाठी एका बापाने जे केलं, ते पाहून आल्यापासून डोकं ठणकतंय. आंघोळ झाली, चहा झाला, उतरत नाही. म्हणून इथे लिहितेय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, उन्हाळ्यात मी एक रविवार सोडून एक तिथे पक्ष्यांच्या घरट्यांभोवतीच्या दोरीजवळ स्वयंसेवक म्हणून उभी असते. पायपिंग प्लव्हर नावाचा पक्षी आहे. चिमणीपेक्षा थोडा मोठा, वजन जेमतेम पन्नास ग्रॅम, रंग कोरड्या वाळूचा. आपल्या टिटवीच्याच कुळातला. मार्चमध्ये येतो आणि उघड्या वाळूत खळगा करून चार अंडी घालतो. खाली ना काडी, ना कापूस. नर-मादी आळीपाळीने साधारण चार आठवडे उबवतात. सगळ्या न्यू जर्सीत यांच्या शंभराच्या थोड्या वर जोड्या असतात. त्यांच्यासाठी खुंट्या ठोकून दोरी बांधलेली असते. साधी दोरी. करंट नाही, काटे नाहीत. माणसाला वाचता येतं एवढ्याच भरवशावर ती उभी आहे.

तर आज आपल्याच मंडळींचा मोठा ग्रुप आला होता. मराठी कानावर पडलं म्हणून मी खूश! मुलांचं क्रिकेट रंगलं, बॉल दोरीपलीकडे गेला आणि बाबा दोरी उचलून सरळ आत. मी हाका मारतेय, "अहो, थांबा, आत घरटं आहे!" ते हसून म्हणतात, "दोन मिनिटं हो मॅडम." तेवढ्यात मादी उठली, पंख मोडल्यासारखी लंगडत फरफटत निघाली. घरट्यापासून लक्ष हटवायचं तिचं हे सोंग असतं. आणि हे गृहस्थ मुलाला ओरडून सांगतात, "अरे लवकर ये, बघ पक्षी जखमी झालाय!" आणि व्हिडिओ काढायला लागले. भर दुपारचं ऊन, अंडी उघडी.

मला तिथल्या तिथे आण्णा आठवले.

माणदेशात आमचं कोरडवाहू रान. मी आठेक वर्षांची असेन. मे महिना, आण्णांचा कुळव चाललेला, आणि एक टिटवी बैलांच्या तोंडापुढे कोकलत घिरट्या घालत होती. आण्णांनी बैल थांबवले, खाली वाकून शोधलं. ढेकळांत चार अंडी, निमुळती टोकं आत वळवून मांडलेली. आण्णांनी शेजारी बोरीची फांदी रोवली आणि औत वळवलं. परातीएवढा तुकडा तसाच राहिला. आजी कुरकुरली तर म्हणाले, "तिचं बाळंतपण उरकू दे की."

एवढंच. बोर्ड नाही, दंड नाही, स्वयंसेवक नाही. एक फांदी. आणि इथे शिकलेली, दोन-दोन डिग्र्या असलेली माणसं चार भाषांत दोरी समजावून सांगितली तरी ओलांडतात. बाळंतिणीच्या खोलीत बॉल शोधायला शिराल का हो तुम्ही?

ते गृहस्थ बाहेर आल्यावर मला म्हणाले, "एवढ्याशा पाखरासाठी एवढा बीच अडवायचा म्हणजे जरा जास्तच." वर हेही सांगितलं की मागच्या फेब्रुवारीत ते कोकणात वेळासला कासवाची पिल्लं बघायला गेले होते, फार छान अनुभव. अहो, वेळासला तुम्ही फोटो काढलात ती पिल्लं समुद्रापर्यंत पोचली, कारण गावातली माणसं 2002 पासून अंडी राखत बसलीत! तिथे टाळ्या आणि इथे "जास्तच"?

बरं, मान्य. उन्हाळा चार दिवसांचा, पार्किंगला पैसे मोजून आलेल्या माणसाला किनाऱ्याचा तुकडा बंद दिसला की चिडचिड होते. हेही मान्य की कोल्हे, कावळे, गल नावाचे समुद्रपक्षी अंडी खातात, मोठ्या भरतीत घरटी वाहून जातात. कोल्ह्यासाठी घरट्यावर जाळीचा पिंजरा ठेवतात, त्यातून पक्षी ये-जा करतो, कोल्हा जात नाही. पण आपल्याला कुठल्या जाळीत ठेवायचं?

आपल्याकडे म्हण आहे, टिटवी देखील समुद्र आटविते. समुद्राने अंडी नेली म्हणून ती त्याच्याशी भांडायला उभी राहिली. इथे 1986 साली या पक्ष्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, तेव्हा अख्ख्या अटलांटिक किनाऱ्यावर आठशेच्या आत जोड्या उरल्या होत्या. आज दोन हजारांच्या वर आहेत. रोज पहाटे वाळूतले पायांचे ठसे शोधत चालणारी, अंडी मोजणारी, पिल्लं उडेपर्यंत वहीत नोंदी करणारी माणसं आहेत म्हणून. पिल्लं तर अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच स्वतःचं स्वतः खायला पाण्याकडे पळतात. कापसाच्या बोंडाला काड्या लावल्यासारखी. भ्यायली की पावलाच्या ठशात दबून बसतात, आणि मग आपलं पुढचं पाऊल त्यांच्यावरच.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. खरं सांगते, अमेरिकेतल्या पहिल्या उन्हाळ्यात मीही फोटोसाठी ती दोरी ओलांडली होती. कोणीतरी आजीबाई ओरडल्या, तेव्हा मलाही वाटलं होतं, काय हे खूळ. आणि आण्णाही काही संत नव्हते. कणसावर बसलेल्या पाखरांना गोफणीने हाणायचे, नेम चुकायचा नाही. पण ज्वारी खाणारं पाखरू वेगळं आणि अंड्यावर बसलेलं वेगळं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तेवढ्या तुकड्यात किती बाजरी आली असती? ओंजळभर.

संध्याकाळी निघण्याआधी तिथल्या मुलीने दुर्बिणीतून दाखवलं. मादी परत येऊन बसली होती. अंडी किती तापली, ते आत्ताच कळणार नाही. पुढच्या रविवारी माझी पाळी नाही, तरी जाणार आहे.

आणि हो, बॉल त्या गडबडीत आतच राहिला. पिल्लं उडाली की ऑगस्टमध्ये दोऱ्या काढतात, तेव्हा आणून ठेवते. हिरवा आहे, अर्ध्या भागाला लाल टेप लावलेली. ज्यांचा असेल त्यांनी मेसेज करावा.