हसवणारी स्ट्रिप घाबरवू शकते का?

वाद सम्यामुळे पेटला. तो इन्स्टाग्रामवर लोकलच्या डब्यातल्या गमतींची चार चौकटींची स्ट्रिप टाकतो. मध्यंतरी त्याने त्यात एक लांबलचक थरारक गोष्ट घुसवली. डब्यात बेवारस बॅग सापडते, मागे गुंड लागतात, पाठलाग होतो. वाचक रोडावले. फडके रोडच्या कट्ट्यावर त्याने निकालच देऊन टाकला, "स्ट्रिप म्हणजे विनोद. लोकांना गोष्ट नको असते."

"तुझी गोष्ट नको होती," मुग्धा म्हणाली. "बॅग आल्यापासून तुझी माणसं एकदाही त्यांच्यासारखी बोललेली नाहीत."

निल्या सम्याच्या बाजूने. त्याने 'कंट्रोल ऑल्ट डिलीट' काढलं. गेम खेळणाऱ्या मित्रांवरची टिम बकलीची ही वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवरची चित्रमालिका, २००२ पासूनची. २ जून २००८ ला अचानक चार मुक्या चौकटी आल्या. नायक हॉस्पिटलात धावत शिरतो, काउंटरवर विचारतो, डॉक्टरांशी बोलतो, शेवटी पलंगावर रडणारी त्याची जोडीदार दिसते. मूल गेलेलं. "लोकांनी त्या चौकटींची टर उडवली, अजून उडवतात. विनोदवाल्याने गंभीर व्हायच्या भानगडीत पडू नये."

मला हे मुळीच मान्य नाही. तिथे गंभीर होणं चुकलं नव्हतं. त्याआधीच्या विनोदांत माणसांवर कशाचा परिणामच होत नसे, आज काहीही घडलं तरी उद्या सगळं जसंच्या तसं. मग एके दिवशी वाचकाने एकदम हळहळायचं कशाच्या जोरावर?

उलट 'ऑर्डर ऑफ द स्टिक' ही वेबकॉमिक बघा. रिच बर्ल्यूने २००३ मध्ये सुरू केली. काड्यांची माणसं आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून काल्पनिक साहसं खेळायच्या खेळाच्या नियमांवरचे विनोद, एवढंच भांडवल. त्यात डर्कन नावाचा बुटका भविष्यवेत्त्याला विचारतो, मी माझ्या देशी परत कसा जाईन? उत्तर मिळतं, मेल्यावर. डर्कन खूश! पूर्वजांशेजारी पुरतील म्हणून. आपण हसतो आणि विसरतो. काही वर्षांनी त्याला एक व्हॅम्पायर मारतो, त्याचाही व्हॅम्पायर होतो, आणि तोच घराच्या वाटेला लागतो. भविष्य खरं ठरतं, पण असं! त्याच टोळीतल्या बेल्करचंही तेच. वर्ष संपायच्या आत त्याचा शेवटचा श्वास, असं भविष्य आल्यापासून त्याच्या प्रत्येक पाचकळ विनोदावर हसताना पोटात गोळा येतो. हसू आणि धास्ती एकाच चौकटीत. मला तर ही फार मोठी कारागिरी वाटते.

"आणि वाचक पळाले नाहीत," मुग्धाने जोडलं. "२०१२ मध्ये बर्ल्यूने पुस्तकं पुन्हा छापायला किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर ५७,७५० डॉलर मागितले होते, साडेबारा लाखांच्या वर जमले."

"पण माझा वाचक आजची एक स्ट्रिप बघून पुढे सरकवतो रे," सम्या म्हणाला. हा मुद्दा खरा आहे. मुग्धाकडे त्यालाही उत्तर होतं: हॉवर्ड टेलरची 'श्लॉक मर्सिनरी'. अंतराळातल्या भाडोत्री सैनिकांची गोष्ट, १२ जून २००० ते २४ जुलै २०२०, एकही दिवस न चुकवता. गोष्ट वीस वर्षांची, तरी रोजच्या स्ट्रिपचा शेवट हशावर.

"मग ताण रोज संध्याकाळी सैल पडणार," निल्या.

पडत नाही. बर्ल्यूचा खलनायक झायकॉन हा मेल्यावरही वावरणारा जादूगार. बडबड्या, पटकन कंटाळणारा, सतत विनोद करणारा. त्यानेच भर लढाईत नायक रॉयला आकाशातून खाली पाडून मारलं. त्यानंतर त्याचे विनोद विनोदीच राहिले, पण तो आला की आता कोण जाणार, हेच डोक्यात.

"सम्या, तुझ्या स्ट्रिपमध्ये चौथ्या सीटवरचे काका आहेत ना?" मुग्धाने विचारलं. "अर्धे बाहेर लटकतात, पण सीट सोडत नाहीत. ती बॅग त्यांच्या मांडीवर दे. गुंड चढू देत, काका उठणार नाहीत."

सम्या विचारात पडला. निल्या मात्र लगेच म्हणाला, "काकांना काही होता कामा नये हं, आधीच सांगतोय."