तिथीच्या पाऊणपट

‘निकालात पहिले आणि पुढे कुठेच नाहीत.’ गणपतीत रात्रीची आरती झाली, खिरापत वाटून झाली आणि भजनवाले यायला वेळ असला की आमच्याकडे पडवीत हा विषय निघतोच. कोकणाचं वेगळं विभागीय मंडळ झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात वरचा नंबर कोकणाचा. २०२४ ला दहावीचा निकाल ९९.०१ टक्के, बारावीचा ९७.५१. आणि हीच पोरं कॉलेजात गेली की एटीकेटीत अडकतात, एमपीएससीच्या यादीत दिसत नाहीत, शेवटी मुंबईला कुणाच्या तरी ओळखीने कुठेतरी चिकटतात. का? तर शिस्त नाही, वेळेची किंमत नाही, दिवसभर मोबाइल. एवढं बोलून झालं की व्हिडिओ कॉल माझ्याकडे वळवतात: ‘तुमच्या जर्मनीत चालतं काय असं?’

चालतं.

इथे कीलमध्ये विद्यापीठातल्या मुलांना सत्र आखायला मदत करणं, विषय रेटावा की बदलावा यावर त्यांच्याशी बोलणं, हे माझं रोजचं काम. तेव्हा अधिकाराने सांगतो, चालढकलीत जर्मन पोर आपल्या पोरापेक्षा तसूभरही मागे नाही. २०१० पासून इथल्या विद्यापीठांत मार्चमधली एक रात्र रखडलेले निबंध पुरे करण्यासाठी राखून ठेवलेली असते. तिचं नावच ‘पुढे ढकललेल्या निबंधांची लांब रात्र’. कॉफी असते, लिहिण्यात अडलेल्याला मदत करणारे बसलेले असतात. पदवीला नाव घातलेल्यांतला चौथा हिस्सा, किंबहुना थोडे जास्तच, पदवी न घेता बाहेर पडतात. तरी इथला कुणी म्हातारा ‘आमचं पीकच आळशी’ म्हणत नाही. पहिला प्रश्न असतो तो हा: काम किती तासांचं होतं आणि हातात तास किती होते?

हा हिशोब पडवीत कुणी कागदावर मांडलेला मी पाहिलेला नाही. मांडू या.

नव्या शैक्षणिक धोरणात एक क्रेडिट म्हणजे वर्गातला आणि वर्गाबाहेरचा मिळून ३० तासांचा अभ्यास. वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे १२०० तास, सत्राला ६००. (इथे वर्षाला ६० पॉइंट असतात आणि एका पॉइंटला तास जवळपास तेवढेच. हे मी पडवीत सांगत नाही, नाहीतर ‘बघा, तिकडे दीडपट अभ्यास’ सुरू होईल.) सत्राचे पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला ४० तास आले.

आता दीड तासावरच्या कॉलेजात एसटीने जाणारी मुलगी घ्या. आठवड्याचे तास १६८. झोप ५६. एसटीत जाऊन-येऊन रोज तीन, सहा दिवसांचे १८. स्टँडवर वाट बघण्यात रोज एक, म्हणजे ६. आंघोळ, जेवण, पाणी, घरातली कामं रोज चार, म्हणजे २८. उरले ६०. त्यातले अभ्यासाचे ४० काढा, कॉलेजात दोन तासिकांमध्ये सांडणारे सहाएक काढा. हातात राहिले १४, दिवसाला दोन. आजारपण, मैत्रिणी, बाजारहाट आणि तो बदनाम मोबाइल, सगळं या दोनात. रत्नागिरीत खोली घेऊन राहणाऱ्या मुलीला एसटी आणि स्टँडचे २४ तास आयते मिळतात, आणि दोघींचे मार्क मात्र एकाच यादीत लागतात. कीलमध्ये सायकलवर दहा मिनिटांत वर्गात पोचणाऱ्या पोराशी तर तुलनाच नको.

शिवाय पंधरा आठवडे हे पंधरा नसतात. जुलैत रस्त्याच्या मोरीवरून पाणी जातं, कुठे दरड येते, गाडी सुटत नाही. त्यात चार-पाच दिवस जातात. गणपतीला आठवडा, आणि गणपतीवरची माटवी सजवण्यापासून गौरी जाईपर्यंत घरातल्या मुलीच्या वाट्याला काय येतं हे पडवीतल्या पुरुषांनी स्वयंपाकघरात डोकावून बघावं. अंतर्गत परीक्षा, युवा महोत्सव धरून राहतात बारा. तेच ६०० तास बारा आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला ५० होतात आणि मोकळे १४ चे ४ होतात. दुसऱ्या सत्रात शिमगा येतो, आणि देवगडकडे तर परीक्षा आणि आंब्याची पेटी एकाच एप्रिलात. याला आळस म्हणायचं असेल तर म्हणा.

वेळेचं भान नाही म्हणे! आमच्या किनाऱ्यावर घड्याळ यायच्या आधीपासून भरतीची वेळ तोंडी काढतात: तिथीच्या पाऊणपट. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. रोज पाऊण तासाने पुढे. थोडं मागेपुढे होतं, पण होडी काढायला तेवढं पुरतं. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असली की झालं; समुद्राला शिस्त लावायला कुणी जात नाही. कॉलेजातल्या पोरांना त्यांच्या कामाची अशी पाऊणकी कुणी शिकवलेलीच नाही. एक जर्नल लिहायला किती तास लागतात, एक प्रकरण स्वतः प्रश्न सोडवून तयार करायला किती, हे त्यांना माहीत नसतं. ‘एका रात्रीत होईल’ असा अंदाज असतो, आणि अंदाज जवळजवळ नेहमी कमी पडतो. म्हणून महिनाभर दोन रकाने ठेवायचे: वाटलेले तास आणि लागलेले तास. बहुतेकांचं प्रमाण दीडपट ते दुप्पट निघतं. पुढे मनात येईल त्या आकड्याला त्याने गुणायचं. ही त्या मुलाची पाऊणकी, ती शेजारच्याला लागू पडत नाही.

सत्राच्या पहिल्या आठवड्यात भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढायचं आणि गणपती, शिमगा, गावची जत्रा, घरातलं लग्न, अंतर्गत परीक्षा, सगळं लाल करायचं. उरलेले आठवडे मोजून त्यातला शेवटचा मोकळा सोडायचा आणि ६०० ला बाकीच्यांनी भागायचं. गणपतीत अभ्यास करीन असं कुणी लिहिलं तर ते खोडून टाकायचं, कारण तो होत नाही आणि न झाल्याचं ओझं पुढचे दोन आठवडे पुरतं.

एसटीत वाचायला लावू नका. वळणाच्या रस्त्याला पुस्तकात डोळे घातले की मळमळतं, आणि पोरगं ‘प्रवासात अभ्यास होत नाही’ असं कायमचं ठरवून बसतं. प्रवास आठवण्यासाठी आहे. आदल्या रात्री एका चिठ्ठीवर पाच प्रश्न लिहायचे, गाडीत डोळे मिटून उत्तरं मनात म्हणायची, स्टँडवर उतरल्यावर वहीत ताडून बघायची. जे अडलं ते परतीच्या गाडीत, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून बघितलेलं जास्त टिकतं. टेबल लागेल असं काम, म्हणजे गणितं, आकृत्या, जर्नल, ते कॉलेजातल्या रिकाम्या तासिकेत उरकायचं. ‘रात्री घरी करते’ इथेच सगळं फसतं: साडेसातला घरी पोचलेलं पोर नऊनंतर फार तर उद्याचे पाच प्रश्न लिहील.

कॉलेजचं ग्रंथालय पाचला बंद होत असेल आणि गाडी सव्वासहाला असेल, तर तो सव्वा तास पोरं स्टँडच्या बाकड्यावर काढतात. आठवड्याला साडेसात तास. पडवीत बसून शिस्तीवर बोलणाऱ्यांनी चार पालक घेऊन प्राचार्यांकडे जावं आणि ग्रंथालय शेवटच्या गाडीपर्यंत उघडं ठेवायला सांगावं. एक शिपाई आणि दोन ट्यूबलाइट एवढाच खर्च. पण मागणी अजून कुणी नेलेली ऐकली नाही, कारण ‘आमच्या पोरांना शिस्त नाही’ म्हणायला अर्ज लिहावा लागत नाही.

दुसरा घोळ ‘फुडे काय करतलंस?’ या प्रश्नाचा. सतरा वर्षांच्या पोराला आयुष्य एका घासात विचारायचं, आणि ते गप्प बसलं की महत्त्वाकांक्षा नाही म्हणायचं. नव्या धोरणात पदवीला टप्पे आहेत: ४० क्रेडिटला प्रमाणपत्र, ८० ला पदविका, १२० ला पदवी, १६० ला ऑनर्स. मध्येच बाहेर पडणाऱ्याला उन्हाळ्यात चार क्रेडिटचं कामाशी जोडलेलं शिक्षण वेगळं करावं लागतं, हे बऱ्याच जणांना ऐनवेळी कळतं. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल अशी आशा मी कुणाला लावणार नाही. पण जमवलेले क्रेडिट अकॅडेमिक बँकेत, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात राहतात, आणि पुन्हा आत यायची वाट उघडी असते.

मुंबईच्या नादात घराजवळचं कुणाला दिसत नाही. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं, लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय. मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी म्हटलं की ‘मासे धरूक डिग्री कित्याक?’ म्हणून हसतात. इथे कीलच्या गेओमार या समुद्रविज्ञान संस्थेत जगभरची पोरं समुद्र शिकायला येतात आणि त्यांचे आईबाप ते अभिमानाने सांगतात.

निवड करायची तर तीन माणसांना गाठायचं: ते काम दोन वर्षं करणारा, ते सोडून गेलेला आणि त्या कामावर माणसं घेणारा. पगार किती एवढंच न विचारता, मंगळवारी सकाळी अकराला तू नेमकं काय करत असतोस, पहिला पगार हातात किती आला, माणसं सोडून का जातात, हे विचारायचं. मग सुट्टीत एक आठवडा तिथे फुकट राबून बघायचं. आमच्याकडे सल्ला घेतात तो गणपतीला आलेल्या चाकरमान्याचा, आणि तोही त्याने इस्त्रीचा शर्ट घातलेला असताना.

एमपीएससीचं वेगळं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे लिहिण्याचा सराव रोज हवा. नुसती वाचनालयात खुर्ची अडवून आता भागणार नाही. तयारी जरूर करावी, फक्त थांबायची तारीख आधी कागदावर लिहून घरच्यांच्या सह्या घ्याव्यात. दोन प्रयत्न, अमुक महिना, त्यानंतर अमुक काम. इथे एका पेपरात तीनदा नापास झालं की नाव कटतं, आणि बहुतेक वेळा तो विषय देशात कुठेच शिकता येत नाही. क्रूर नियम आहे. त्याने रडलेली पोरं मी समोर बसलेली बघतो. पण तेविसाव्या वर्षी रडतात, एकतिसाव्या नव्हे.

आणि कृपा करून जर्मनीला पाठवतो म्हणून मला फोन करू नका. २०२४ ला बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी महाराष्ट्राचा कुशल कामगार पाठवण्याचा करार झाल्यापासून हे वाढलंय. ‘तिकडे शिक्षण फुकट’ म्हणणाऱ्यांना व्हिसासाठी ब्लॉक खात्यात आधीच भरून ठेवायचे राहण्या-खाण्याचे वर्षाचे ११,९०४ युरो दिसत नाहीत. बी-वन, म्हणजे मधल्या पातळीच्या जर्मन भाषेला पंचेचाळीस मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. त्या एसटीवाल्या मुलीच्या आठवड्याच्या चार मोकळ्या तासांतून त्या काढून दाखवा.

पडवीतल्यांचं यावर एक उत्तर ठरलेलं आहे, आणि ते मला लागतं: ‘तू गेलंस तेव्हा बरा, आता आमच्या पोरांका हयच ऱ्हवा म्हणतंस.’ खरं आहे. कीलमध्ये बसून शिरगावची तरफदारी करायला माझं काही जात नाही. इथेही समुद्र आहे, बंदर आहे, मासळी आहे. पण बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. पाणी सकाळी तिथेच, संध्याकाळीही तिथेच. पाऊणकी येते, तिचा उपयोग नाही.

कालनिर्णय मात्र दरवर्षी मागवतो. स्वयंपाकघरात टांगतो, जानेवारीतच गणपती लाल करतो, विमानाची तिकिटं बघायला. ‘आणि तू कायमचो कधी येतलंस?’ असं फोनवर आई विचारते तेव्हा मी ‘बघू, पोरांची शाळा होऊ दे’ म्हणतो. ती तारीख मी कुठल्याच पानावर लिहिलेली नाही. तिच्याखाली कुणाची सहीही घेतलेली नाही.