तक्रारपेटी कुठे टांगावी?

रुग्णालय चालवायला घेतलंत ना? मग तक्रारपेटी हवीच, पाहणीला येणाऱ्यांना ती दिसावी लागते. काउंटरशेजारी, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली टांगा. कुलूप दणकट हवं, आणि किल्ली कोणाकडे यावर दोन विभागांचं एकमत नको. (अशी एक पेटी उघडताना मी पाहिली आहे. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि एकच चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली: 'इथलं पेन चालत नाही.')

अभिप्रायाचा फॉर्म मात्र डिस्चार्जच्या दिवशीच द्या. फाइल अजून तुमच्याच ताब्यात, बिल व्हायचंय, सलाइनची सुई आत्ताच निघालीय, पेशंटला घर दिसू लागलंय. अशा वेळी माणूस पाचपैकी पाच तारे देतो, वर आभारही मानतो. ज्यांच्याविषयी लिहायचं, त्यांनाच फॉर्म घेऊन पाठवा. ते समोर उभे राहिले की अक्षरसुद्धा सुधारतं.

प्रश्न निवडताना जीव ओता. चादर स्वच्छ होती का? लिफ्ट वेळेवर आली का? पण 'इंजेक्शनआधी तुमचं नाव विचारलं का', 'तपासण्याआधी हात धुतले का' असलं काही चुकूनही नको. उत्तर आलं तर काय घ्या! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दर 10 रुग्णांमागे साधारण एकाला उपचारांतूनच इजा होते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त टाळता येण्यासारखी असते. म्हणू द्या. तुमच्या फॉर्मवर तो रकानाच नाही.

खरा उपद्रव नातेवाइकांचा. तासन्‌तास उशाशी बसतात आणि रात्री तीनला सांगत येतात, 'आई असं कधी बोलत नाही हो.' मॉनिटरवर आकडे नीट असताना आईला वेगळं बोलायचा अधिकारच काय? 'पेशंट स्टेबल आहे, तुम्ही बाहेर बसा,' हे वाक्य स्टाफकडून घोकून घ्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या वाटेला तर जाऊच नका. तिथे 2007मध्ये रायन नावाचा, तीन वर्षांचाही न झालेला मुलगा दगावला; तो खालावतोय हे आईवडिलांना दिसत होतं, पण त्यांचं म्हणणं कोणी पुरेसं मनावर घेतलं नाही. मग त्याच्याच नावाचा नियम आला. आता घरच्यांचं समाधान झालं नाही, तर ते स्वतः फोन करून पेशंटची फेरतपासणी मागू शकतात. नातेवाइकांना फोन! उद्या हे लोक ऐकूनही घ्या म्हणतील.

एवढं करूनही कोणी लेखी दिलंच, तर 'संवादातील त्रुटी' असा शेरा मारून प्रकरण बंद करा. उत्तराचं छापील पत्र पेशंटच्याच नावे जाऊ द्या, खाली 'उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा'. पेशंट हयात आहे की नाही, हे बघण्यात वेळ घालवू नका.