पावडरचा वास म्हणून नाक मुरडण्याआधी

परवा ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकाने मला विचारलं, "घरी लहान बाळ आहे का रे?" घरी बाळ नाहीये, मी तँ द नेज नावाचं परफ्यूम लावलं होतं. त्याने अगदी प्रेमाने विचारलं होतं, पण नंतर जागेवर जाऊन बसलो तर शेजारची कलीग म्हणाली, छान आहे पण बायकी आहे ना जरा, आणि पावडरचाच वास हवा तर पावडरच लाव की, त्याला एवढं भारीतलं परफ्यूम कशाला. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितोय. मोठं होणार आहे, वेळ असेल तर वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तँ द नेज हे फ्लॉरेन्सच्या लोरेंझो व्हिलोरेझीचं परफ्यूम, २००० साली आलेलं. नावाचा अर्थ साधारण बर्फासारखी कांती. छोटं निश हाऊस आहे, म्हणजे मोजक्या लोकांसाठी वेगळी परफ्यूम करणारं, १९९० मध्ये सुरू झालेलं, आणि परफ्यूम बनवणारा माणूस तोच, मालकही तोच. जाई, गुलाब, इलँग इलँग, हेलिओट्रोप ही फुलं, टोंका नावाची सुगंधी बी आणि खाली मस्क, म्हणजे कस्तुरीच्या जातीचा वास. कागदावर वाचलं तर वाटतं फुलांचा गुच्छ असेल. पण लावल्यावर एकही फूल सुटं हाताला लागत नाही, सगळ्या फुलांवर कुणीतरी अगदी बारीक चाळणीने पांढरं काहीतरी भुरभुरवलंय असं वाटतं.

आता मुद्दा. पावडरला स्वतःचा वास नसतो हो. टाल्क म्हणजे खनिज, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ दगड. आपण ज्याला पावडरचा वास म्हणतो तो कुणीतरी विचार करून, फुलं आणि मस्क जुळवून त्या पावडरीत घातलेला असतो, आणि पिढ्यानपिढ्या तोच घातला गेला म्हणून आपल्या नाकाने त्या दोन गोष्टींची गाठ पक्की बांधून टाकलीये. म्हणजे पावडरी परफ्यूम पावडरची नक्कल करत नाही, उलट पावडरनेच तो वास परफ्यूमवाल्यांकडून घेतलाय.

या पावडरी वासाच्या मुळाशी खरोखरच एक मूळ आहे, आयरिस या फुलझाडाचं. म्हणजे जमिनीखालचा कंद. फुलाला नाही, कंदाला किंमत. गंमत म्हणजे ताज्या कंदाला तो वास नसतोच. सोलून, वाळवून तीन-तीन वर्षं आणि कधी त्याहून जास्त नुसता ठेवून द्यायचा, मग त्यात हळूहळू इरोन नावाची द्रव्यं तयार होतात आणि तो थंड, कोरडा, व्हायोलेटच्या फुलासारखा वास येतो. पूर्वी युरोपात हाच कंद दळून चेहऱ्याच्या आणि केसांच्या पावडरीत घालायचे. तीन वर्षं वाट बघून मिळणाऱ्या वासाला कुणी "नुसती पावडर" म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

पण सगळी पावडर एकसारखी नसते, आणि इथेच लोकांची गल्लत होते. आयरिसची पावडर थंड, थोडी मातकट, अंतर राखून वागणारी. हेलिओट्रोपची पावडर ऊबदार, बदाम आणि व्हॅनिलाकडे झुकणारी. तँ द नेज या दुसऱ्या घराण्यातलं. तिसरा प्रकार लिपस्टिकचा, गुलाब अधिक व्हायोलेट, फ्रेडरिक माल या ब्रँडचं लिपस्टिक रोज नावाचं परफ्यूम आहे ना, राल्फ श्वीगरने केलेलं, ते तसं. व्हायोलेटचा हा वास परफ्यूममध्ये मुबलक आला तो १८९३ नंतर, आयोनोन हे तसा वास देणारं द्रव्य प्रयोगशाळेत बनवता यायला लागल्यावर. आणि मग १९०६ चं आप्रे लोंदे, १९१२ चं लर ब्ल, दोन्ही गेर्लां या फ्रेंच परफ्यूम कंपनीची, दोन्ही याच मऊ धुरकट जातीची. जुनी आहेत म्हणून कुणी त्यांना "आजीचा वास" म्हणतं, पण आजीला आवडायचं हे वाईट असल्याचं कारण कधीपासून झालं?

आणि बायकी म्हणाल तर, वास त्वचेला बाई की पुरुष विचारत नाही. माझ्या हातावर तँ द नेजमधला गुलाब जवळजवळ दिसेनासा होतो आणि टोंका पुढे येतो, थोडा गवताळ, कोरडा.

दुसरी तक्रार, "मऊ आहे म्हणजे टिकत नसेल." अजिबात नाही!! मऊ वेगळं आणि फिकं वेगळं. हे माझ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत असतं. शर्टाचा कफ रात्री खुर्चीवर टाकलेला, सकाळी उचलून नाकाशी नेला की फुलं गेलेली असतात आणि राहतो तो स्वच्छ, किंचित गोड मस्क, इस्त्री केलेल्या कापडासारखा. दोन फवारे मारले तर खोली भरते, म्हणून मी एकच मारतो, तोही छातीवर, शर्टाच्या आत.

कित्येकांना मात्र खरंच काही वास येत नाही, त्यात त्यांची चूक नाही. काही मस्कचे रेणू काही नाकांना कळतच नाहीत. आयोनोनचं तर अजून वेगळं, ते नाकाला थोडा वेळ थकवतं, त्यामुळे व्हायोलेट आला, गेला, परत आला असं होत राहतं. बीटा-आयोनोन तर एका जीनच्या फरकामुळे कुणाला फुलासारखं येतं आणि कुणाला आंबट, नकोसं. त्यामुळे तुम्हाला आवडलं नाही तर ठीक आहे, माझा वाद त्याच्याशी नाहीच. माझं म्हणणं इतकंच की दुकानातल्या कागदी पट्टीवर फवारा मारून दहा सेकंदांत "पावडर" म्हणून बाजूला ठेवू नका. पहिली दहा मिनिटं ते खरंच दाट असतं, गच्च, मलाही पहिल्यांदा जड गेलं होतं. खरं परफ्यूम दोन तासांनी सुरू होतं, अंगाच्या उबेवर.

माझ्याकडे सॅम्पलच्या बाटलीत थोडं उरलंय. ज्यांना लावून बघायचंय त्यांनी भेटल्यावर मागा, मनापासून देईन. फक्त हातावर लावायचं, कागदावर नाही, आणि संध्याकाळपर्यंत मत सांगायचं नाही.